अनुभव धागा: तुमच्या कामाच्या जागी माणसाला कसं वागवतात?

पाडवा जवळ आला की मला बाबांचं साल आठवतं. आमच्याकडे सालगड्याचं वर्ष गुढीपाडव्याला बदलतं. रोख किती, ज्वारी किती, पोळ्याला कापड, पायात वहाणा, दुखणं आलं तर किती खाडे चालतील, सगळं ओट्यावर दोन माणसांसमोर ठरायचं. कागद नसायचा. बोली मोडणाऱ्या मालकाकडे पुढच्या पाडव्याला गडी जात नसे. पण उचल अंगावर असली की पाय अडकायचा, आणि बाबांचा तो दोनदा अडकला.

मी आता एमआयडीसीत आहे. नेमणुकीचं पत्र चौदाव्या महिन्यात हाती आलं. तोवर मी कोण होतो, हे मलाच सांगता आलं नसतं. म्हणून विचारतो: जिनिंग (कापसातून सरकी वेगळी करायचा कारखाना), मिल, बँक, जंगल, तुम्ही जिथे असाल तिथे प्रत्यक्षात काय चालतं? मालकाचं, संस्थेचं नाव टाकू नका.

वणी तालुका, जिनिंगमधला हिशेबनीस

दिवाळीच्या सुमारास कापूस यायला लागला की आमच्या पाळ्या सुरू होतात, उन्हाळा लागला की बंद. हजेरी ठेकेदाराची, चुकाराही त्याच्याच हातून. माझ्या वहीत माणसं नव्हतीच, गाठी होत्या. १७० किलोची एक गाठ, गाठीमागे ठेकेदाराला इतके रुपये.

माझ्या चौथ्या हंगामात एका रेजाचा, म्हणजे मजूर बाईचा, हात पट्ट्यात आला. दोन बोटं गेली. मी विम्याचं कार्ड शोधायला लागलो तेव्हा कळलं, कायद्यानं जिनिंग हा हंगामी कारखाना आहे, त्याला ईएसआयसी, म्हणजे कामगारांचा सरकारी विमा, लागूच नाही. सूतगिरणीतल्या बाईला दवाखाना आहे, तिच्यासाठी रुई काढणाऱ्या बाईला नाही. राहत होती ती तेव्हाच्या १९२३ च्या कायद्यातली नुकसानभरपाई. ती मागायची तर आपण कामावर होतो हे दाखवावं लागतं. ठेकेदार म्हणाला, ही माझ्या यादीत नाही. ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "भाऊ, तुमी तर मले रोज पायत होते ना?"

मी पाहत होतो. लिहीत नव्हतो.

मी साक्ष दिली. पैसे मिळाले, पण फार उशिरा. नंतर मालकांशी बसून बोललो. त्यांनी ऐकून घेतलं, हे मी आवर्जून लिहितो, कारण सगळे ऐकत नाहीत. तेव्हापासून ठेकेदार कोणीही असो, हजेरी आमच्या वहीत होते. त्याच खटपटीत ग्रॅच्युइटीचं, म्हणजे काम सुटताना मिळणाऱ्या एकरकमी पैशाचं, कळलं. तेव्हाच्या १९७२ च्या कायद्यात हंगामी कामगारही होता. एरवी वर्षाला १५ दिवसांची मजुरी धरतात, हंगामी माणसाला एका हंगामाला ७ दिवसांची. कारखाना जितके दिवस चालला त्यातल्या ७५ टक्के दिवसांची हजेरी हवी आणि पाच हंगाम भरायला हवेत. ४५० रुपये रोजी आणि आठ हंगाम म्हणजे २५,२०० रुपये. हा आकडा मी वाचून दाखवला तेव्हा बायांना खरंच वाटेना. एक म्हणाली, पुन्हा वाचा.

अकोल्याजवळ, दाल मिल

तुरीची धूळ घशात बसते, तरी आम्ही पाणी पीत नव्हतो. संडासाला दार नव्हतं आणि समोरच हमालांची बसायची जागा. मे महिन्याच्या उन्हात बारा बाया कोरड्या घशानं दाळ निवडायच्या. सुपरवायझरला सांगायला जीभ उचलत नव्हती. तो ज्या नजरेनं पाहायचा ती नजर बाईलाच कळते.

भिंतीवर तक्रार समितीचा फलक होता. अध्यक्ष म्हणून मालकांच्या वहिनींचं नाव, त्या मिलमध्ये कधी आल्याच नव्हत्या. बचत गटाच्या ताईंनी कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा समजावला: अध्यक्ष कामावरचीच वरिष्ठ बाई हवी, निम्म्या तरी बाया हव्यात, एक माणूस बाहेरचं हवं. आम्ही बाराही जणींनी एकाच कागदावर सह्या-अंगठे केले. एकटीनं केलं असतं तर दुसऱ्या दिवशी मला कामच मिळालं नसतं.

दार आठ दिवसांत लागलं. सुपरवायझरला गोदामावर पाठवलं. त्यानं माफी मागितली नाही. मला ती हवी होती, अजून हवी आहे.

वाशीम जिल्हा, कर्जवसुली

सकाळी सहाला गावात बैठक, रात्री अकराला ग्रुपवर आकडे. आजीच्या तेरवीच्या दिवशीही साहेबांचा फोन वसुलीसाठीच होता. एका रात्री मला ग्रुपमधून काढलं. तीच नोकरी गेल्याची खबर. पत्र आजवर आलेलं नाही.

कोरची तालुका, ग्रामसभेच्या तेंदू फळीवर (पानांचे पुडे मांडून मोजायच्या जागी) लिहिणारी

आमच्याकडे मालक म्हणजे आम्हीच. २००६ च्या वनहक्क कायद्यानंतर, २००९ मध्ये गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावाला जंगलावरचे सामूहिक हक्क मिळाले. तिथे निर्णय सर्वांच्या संमतीनं होतात, हात वर करून बहुमतानं नाही. आम्हीही तसंच करायचं ठरवलं.

सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक गोणी. पूर्वी ठेकेदाराचा मुन्शी काही पुडे खराब म्हणून बाजूला टाकायचा, त्याचे पैसे मिळत नसत. मी लिहायला बसले त्या पहिल्याच वर्षी माझ्या जाऊचे पुडे मीच बाजूला टाकले, आणि तिनं मला सगळ्यांसमोर मुन्शी म्हटलं. मी रडले. सभा रात्री उशिरापर्यंत चालली. शेवटी ठरलं की पुडा नाकारायचा असेल तर आणणाऱ्या बाईच्याच हातानं तो सोडायचा, पानं तिनंच मोजायची आणि खराब कोणतं ते तिनंच दाखवायचं. आता एक फळी मोजायला दुप्पट वेळ लागतो. कोणी तक्रार करत नाही. जाऊ पुढच्या वर्षी माझ्या शेजारी लिहायला बसली.

दाल मिलवाल्या ताईंचा प्रश्न

वणीच्या भाऊंना विचारायचं आहे. आमची मिल बारमाही आहे, पण हजेरी ठेकेदाराकडे. आम्ही काय जपून ठेवायचं?

वणी

ताई, चुकारा रोख घेता की खात्यात? खात्यात येत असेल तर पासबुक दर महिन्याला भरून घ्या. रोख असेल तर आजपासून एक वही करा. तारीख, पाळी, किती पैसे, आणि सोबत काम करणाऱ्या दोघींच्या सह्या. ठेकेदाराच्या हजेरीच्या पानाचा फोटो मिळाला तर तोही ठेवा. माझी वही बघायची असेल तर कधीही या, आखणी कशी करायची ते दाखवतो.