डर्बनच्या 'पोएट्री आफ्रिका'ला कुणी जाऊन आलंय का? मदत हवी आहे

मी कामानिमित्त जोहान्सबर्गला आहे. क्वाझुलू-नाताल विद्यापीठाचं सेंटर फॉर क्रिएटिव्ह आर्ट्स डर्बनला 'पोएट्री आफ्रिका' हा कविता महोत्सव भरवतं, 1997 पासून. यंदा जायचंच असं ठरवलंय, पण सुट्टी दोनच दिवसांची. गाडीने एका बाजूचेच सहा तास जातात, म्हणजे हातात फार तर दोन संध्याकाळी.

मला मुख्यतः झुलू 'इझिबोंगो' ऐकायचंय, म्हणजे राजाची, पूर्वजांची स्तुती. युट्यूबवर बरंच पाहिलं. इम्बोंगी, म्हणजे ही स्तुती म्हणणारा कवी, रंगमंचावर येरझाऱ्या घालत, श्वास न घेता बोलत सुटतो आणि समोरून लोक 'मुशो!' म्हणून ओरडतात. आपल्या पोवाड्यातलं 'जी जी रं जी' झिलकऱ्यांचं, हे थेट श्रोत्यांचं, एवढाच काय तो फरक. अंगावर काटा येतो, पण अर्थ? शून्य. त्या वेगापुढे शब्दकोश घेऊन बसण्यात काही अर्थ नाही, तेही करून झालं.

कार्यक्रमपत्रिका मी वेळेवर बघेनच, तिकिटाचीही अडचण नाही. इंग्रजी नीट समजतं, झुलू नमस्कार-चमत्कारापुरती. सोबत आई आहे, वय 68, त्यामुळे रात्री उशिरा अनोळखी रस्त्यावर गाडी चालवायची नाही.

तर जाऊन आलेल्यांनी सांगा: झुलू कवितांचं इंग्रजी भाषांतर पडद्यावर दाखवतात का, की आधी मिळवून वाचून जावं लागतं? उद्घाटनाची संध्याकाळ गाठू की शेवटची, स्लॅमची (कविता सादर करण्याच्या स्पर्धेची)? आणि एलिझाबेथ स्नेडन थिएटरहून रात्री समुद्रकिनाऱ्याकडच्या हॉटेलवर परतायला टॅक्सी सहज मिळते का?