सुपरचार्जर असलेल्या इंजिनात थ्रॉटल ब्लोअरच्या आधी की नंतर?

दट्ट्या
ब्लोअर, म्हणजेच सुपरचार्जर, हा इंजिनात हवा दाबून भरणारा पंप; थ्रॉटल म्हणजे अ‍ॅक्सिलरेटरने उघड-मिट होणारी हवेची झडप. माझं मत आधीच सांगतो: रूट्स जातीचा ब्लोअर असेल तर थ्रॉटल त्याच्या आधीच हवा. टर्बोच्या (इंजिनाच्या धुराच्या जोरावर फिरणाऱ्या पंपाच्या) सवयीने लोक तो इंजिनाच्या तोंडाशी बसवायला जातात आणि तिथेच फसतात.

रूट्स ब्लोअर, म्हणजे दोन रोटर फिरवून हवा ढकलणारा, पट्ट्याने क्रँकला (इंजिनाच्या मुख्य दांड्याला) बांधलेला. दर फेऱ्याला ठरावीक घनफळाची हवा तो पुढे ढकलणारच. तुम्ही पाय काढलात हे त्याच्या गावीही नसतं. थ्रॉटल ब्लोअरच्या नंतर असेल आणि तो मिटला, तर ही हवा जाणार कुठे? दाब चढतो, नळ्या निसटतात, नाहीतर इंजिनाची ताकद खाऊन दाबलेली हवा बाहेर सोडून द्यावी लागते. थ्रॉटल आधी असला की ब्लोअरला मुळात विरळ हवा मिळते. पूर्ण थ्रॉटलला ब्लोअरच्या आधी हवेचा दाब १०० किलोपास्कल आणि नंतर १५० धरा. अर्धवट थ्रॉटलला आधी ५०, नंतर ७५. फरक निम्म्यावर आला, तशी मेहनतही. आर५३ मिनी कूपर एस मध्ये हाच क्रम आहे: थ्रॉटल, ईटनचा ब्लोअर, मग इंटरकूलर (दाबलेली हवा थंड करणारा).

वंगणहस्त
असहमत. मेहनतीचा हिशोब ठीक, पण पायाखाली काय जाणवतं ते सुटलं. थ्रॉटल आणि इनटेक व्हॉल्व्हच्या मध्ये ब्लोअर, इंटरकूलर, मॅनिफोल्ड (सिलिंडरांना हवा वाटणारी नळी) एवढा पसारा आला की चार लिटर हवा सहज मावते. दोन लिटरचं इंजिन ३००० आरपीएमला सेकंदाला ढोबळमानाने ५० लिटर ओढतं, म्हणजे ०.०८ सेकंद. चालून जाईल. ८०० आरपीएमला तेच १३ लिटर, म्हणजे ०.३ सेकंद. रांगत्या ट्रॅफिकमध्ये पाय काढल्यावर इंजिन उगाच रेंगाळतं ते यामुळे.

दुसरं म्हणजे सील. थ्रॉटल आधी, म्हणजे पाय हलका असेल तेव्हा ब्लोअर व्हॅक्यूमखाली. असा एक ब्लोअर मी उघडला, तर रोटरच्या गिअरकडच्या टोकांवर काळपट, चिकट तेल. बोट फिरवलं की बोटावर यायचं. गिअरच्या खोलीतलं तेल झिजलेल्या सीलमधून आत ओढलं जात होतं.

आणि १९२८ ची मर्सिडीज एसएसके? तिच्यात ब्लोअर कार्ब्युरेटरच्या (हवेत पेट्रोल मिसळणारा भाग, थ्रॉटल त्यातच) आधी होता, म्हणजे थ्रॉटल नंतर.

दट्ट्या
एसएसके माझ्याच बाजूची आहे की! तिचा ब्लोअर अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबल्यावरच क्लचने जोडला जायचा. अर्धवट थ्रॉटलला तो काम करतच नसे, मग हवा कोंडणार कशी? कायम जोडलेला ब्लोअर पाहायचा तर त्याच काळातली ब्लोअर बेंटली पाहा. तिथे कार्ब्युरेटर आधी, ब्लोअर नंतर. सील झिजलं तर सील बदलावं, रचना कशाला?

मापाडी
दोघेही बायपास व्हॉल्व्ह विसरताय. ५० चे ७५ काय आणि १०० चे १५० काय, गुणोत्तर दीडच. हवेचं तापणं त्या गुणोत्तरावर ठरतं, त्यामुळे नुसता थ्रॉटल आधी आणून मेहनत घटते, पण हवा जवळपास तेवढीच तापते. खरं काम बायपास करतो: ब्लोअरच्या पुढची हवा त्याच्या तोंडाशी, थ्रॉटलच्या अलीकडे नव्हे तर पलीकडे, परत आणतो. दोन्हीकडचा दाब सारखा झाला की ब्लोअर जवळपास रिकामा फिरतो.

सेंट्रिफ्यूगलला (पंख्यासारखं चाक वेगाने फिरवून हवा दाबणाऱ्या ब्लोअरला) मात्र दट्ट्यांचा नियम लावू नका. तिथे थ्रॉटल नंतर ठेवण्याचीच रीत आहे, फक्त तो मिटल्यावर सर्ज (हवा धक्के मारत उलटी येणं) होऊ नये म्हणून व्हॉल्व्ह लागतो. स्टुडबेकर अवांती आर२ मध्ये पॅक्स्टनचा ब्लोअर बंदिस्त कार्ब्युरेटरमध्येच हवा दाबायचा.

वंगणहस्त
बायपास मान्य. पण मग फोक्सवॅगनचं २००५ चं १.४ टीएसआय बघा. ईटनचाच रूट्स ब्लोअर, त्यापुढे टर्बो, आणि थ्रॉटल इंटरकूलरच्याही नंतर. ब्लोअरला चुंबकी क्लच, बायपासला मोटरने फिरणारी झडप, ३५०० आरपीएमच्या वर ब्लोअर सुटा. पायाला प्रतिसाद जवळून, आणि हवा कोंडतही नाही. जमतं की.

दट्ट्या
जमतं, पण क्लच, मोटर आणि त्यांना सांभाळणारा संगणक एवढं लावल्यावर. आणि तिथे टर्बोही आहे, म्हणून तो थ्रॉटल तिथे शोभतो. एकट्या रूट्सला मी बायपास मिटायला एक स्प्रिंग आणि उघडायला व्हॅक्यूमवर चालणारा एक डायफ्रॅम (लवचीक पडदा) देईन. डायफ्रॅम फाटला तर स्प्रिंग बायपास मिटून टाकते. पेट्रोल थोडं जास्त जाईल, हवा तापेल, पण पाय काढल्यावर इंजिन शांत होईल, कारण हवेची वाट पहिल्याच दारात अडवलेली आहे. तुमची मोटरची झडप ऐन बूस्टमध्ये (ब्लोअर हवा दाबत असताना) मिटलेली अडकली आणि तेव्हाच थ्रॉटल बंद झाला, तर ब्लोअर त्या बंद दारावर हवा कोंबत राहील.