मदत हवी आहे : सोलापूरच्या उन्हात टिकतील अशा सुगंधी वेली कमानीसाठी कोणत्या लावाव्यात?

नमस्कार मंडळी,

जुळे सोलापुरातल्या आमच्या घरासमोर, फाटकाच्या आतल्या बाजूला, लोखंडी नळीची एक कमान उभी करून घेतली आहे. ती साधारण आठ फूट उंच व पाच फूट रुंद असून वेलीला आधार मिळावा म्हणून दोन्ही अंगांना आडव्या सळया जोडल्या आहेत. संध्याकाळी फाटक उघडताच सुगंध यावा आणि वेलीने आमच्याकडचा उन्हाळाही निभावून न्यावा, एवढीच अपेक्षा आहे. हे दोन्ही गुण एका वेलीत मिळतात का, आणि मिळत नसतील तर कोणत्या दोन वेलींची जोडी जमते, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

कमानीवर दुपारपासून सूर्यास्तापर्यंत पश्चिमेचे थेट ऊन येते. मे महिन्यात पारा ४२-४३ अंशांवर जातो तेव्हा लोखंडाला हात लावण्याची सोय उरत नाही, आणि कोवळा शेंडा त्यावर टेकला तर करपणारच. म्हणून नळीला काथ्याची दोरी गुंडाळण्याचा विचार आहे. जमीन काळी आहे, उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. नळाला रोज पाणी नसल्यामुळे झाडांना बोअरचेच पाणी द्यावे लागते व ते इतके जड आहे की बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. या पाण्यावरच्या कुंडीतल्या मोगऱ्याची नवी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्याच राहतात. चुन्याचे प्रमाण वाढले की जमिनीत लोह असूनही मुळांना ते उचलता येत नाही, त्याचेच हे लक्षण. जाई आणि जुई मोगऱ्याच्याच कुळातल्या असल्याने त्यांचेही असेच होईल, अशी धास्ती वाटते.

सध्या माझा कल मधुमालतीकडे आहे. संध्याकाळी उमलताना पांढरी असणारी तिची फुले पुढे गुलाबी आणि मग लाल होत जातात, त्यामुळे एकाच घोसात तिन्ही रंग दिसतात, आणि सुगंधही दिवेलागणीनंतरच खुलतो. एकदा मूळ धरले की ती ऊन आणि पाण्याची ओढ दोन्ही सोसते, हे शहरातल्या जुन्या वाड्यांच्या भिंतींवर दिसतेच. मात्र तिचा पसारा दांडगा असतो, जुने खोड जाड व जड होते, आणि बुंध्याभोवती फुटवे येत राहतात. आठ फुटांच्या कमानीला हे ओझे पेलेल का? दरवर्षी गड्ड्याच्या यात्रेनंतर, म्हणजे जानेवारीच्या अखेरीस, कडक छाटणी केली तर तिला आवरात ठेवता येते का? रोपवाटिकेत दुहेरी पाकळ्यांची मधुमालतीही मिळते. तिला साध्या फुलाइतकाच वास असतो का, हे ज्यांनी दोन्ही लावल्या आहेत त्यांनीच सांगावे.

दुसऱ्या खांबाशी जुई लावावी असे मनात आहे. जाईपेक्षा जुई कोरड्या हवेत अधिक तग धरते, असा माझा समज आहे. तिचा बहर प्रामुख्याने उन्हाळा-पावसाळ्यातला, आणि नाजूक पांढऱ्या कळ्या संध्याकाळी उमलू लागल्या की वास अंगणभर पसरतो. अडचण अशी की जुई स्वतःहून चढत नाही. फांद्या वेळोवेळी बांधाव्या लागतात, आणि शेजारी मधुमालतीसारखी आडदांड वेल असली तर जुईला ऊन मिळेल की नाही, याची शंका आहे. खरे विचारायचे आहे ते हेच.

माधवीलतेचाही विचार केला. तिची झालर असलेली पांढरी, एका पाकळीवर पिवळसर छटा असलेली फुले फार देखणी असतात, पण थंडी सरता सरता येणारा तिचा बहर थोडक्यात आटोपतो आणि पुढे तिचे लाकडी, अवजड झाड होते. कुंदाला थंडीत फुले येतात, पण सुगंध जेमतेम. हिरव्या चाफ्याच्या पिकलेल्या फुलाचा वास मला सर्वांत प्रिय आहे. मात्र या उन्हात, या पाण्यावर तो वाढवलेला कोणी आहे का?

बोगनवेल आणि संक्रांतवेल कृपया सुचवू नयेत. दोन्ही चिवट आहेत, पण बिनवासाच्या. थंड प्रदेशातल्या कमानींवर लोंबणाऱ्या जांभळ्या घोसांच्या वेलींची छायाचित्रे मीही पाहिली आहेत; त्यांना लागणारी थंडी सोलापुरात कुठून आणायची?

सासूबाईंचा आक्षेप असा की जाई-जुईच्या वासाने साप येतात. माझ्या मते साप वासाने येत नाही, बुंध्याशी साचलेल्या पालापाचोळ्यातल्या उंदीर-बेडकांच्या मागावर येतो. तेव्हा खालची दोन फूट खोडे मोकळी ठेवायची, यावर आमची तडजोड झाली आहे.

सोलापूर, बार्शी, पंढरपूर, लातूर किंवा विजयपूर भागातल्या बागकामप्रेमींचे अनुभव विशेष उपयोगी पडतील, कारण पुण्याच्या हवेत जमलेले आमच्याकडे जमेलच असे नाही. लागवड मृगाच्या पहिल्या पावसावर करायची आहे. तोवर खड्डे किती खोल घ्यावेत, काळ्या मातीत पोयटा आणि शेणखत कोणत्या प्रमाणात मिसळावे, आणि पाने पिवळी पडू लागल्यास हिराकस (फेरस सल्फेट, म्हणजे लोहाचे खत) द्यावे की थेट चिलेटेड लोह (झाडाला सहज घेता येईल अशा रूपातले लोह) फवारावे, एवढे कळले तरी तयारीला लागता येईल.