मेंदूच्या स्लाइसमधली आर्टेरिओल (बारीक धमनी) सैल होण्याऐवजी आवळतेय, काय तपासू?

कोथरूडची_कापणी: उंदराच्या कॉर्टेक्सचे ३०० मायक्रॉनचे स्लाइस, ३२ अंश तापमान. टी-एसीपीडी (ग्लुटामेट रिसेप्टर चेतवणारं रसायन) १०० मायक्रोमोलर सोडलं की ॲस्ट्रोसाइटच्या (मेंदूतल्या आधारपेशीच्या) एंडफूटमध्ये (वाहिनीला टेकलेल्या टोकात) कॅल्शियम मस्त चढतं, पण शेजारची आर्टेरिओल आकसते. बाथमध्ये (स्लाइस ठेवलेल्या द्रावणात) नेहमीचा ९५% ऑक्सिजन, ५% कार्बन डायऑक्साइड. एजंट (टी-एसीपीडी) बदलू का?

पाषाण_पॅचक्लॅम्प: एजंटला हात लावू नका, आधी सिलिंडर बघा. ॲस्ट्रोसाइटमध्ये कॅल्शियम चढलं की ॲराकिडॉनिक आम्ल सुटतं. त्यातून प्रोस्टाग्लँडिन ई२ झालं तर वाहिनी सैल, स्नायूपेशीत २०-हेटे झालं तर आवळ. २००८ मध्ये गॉर्डन आणि सहकाऱ्यांनी ९५% ऐवजी २०% ऑक्सिजन दिला आणि आवळण्याच्या जागी प्रसरण मिळालं. ऑक्सिजन कमी असला की बाहेर लॅक्टेट साठतं, ते प्रोस्टाग्लँडिन परत आत ओढणाऱ्या वाहकाला अडवतं. शिवाय ॲडेनोसिन आकुंचन रोखतं.

मिश्रण २०% ऑक्सिजन, ५% कार्बन डायऑक्साइड, बाकी नायट्रोजन असं मागवा. पैसे वाचवायला मत्स्यालयाचा पंप लावून साधी हवा सोडू नका! कार्बन डायऑक्साइड उडून जातो, बायकार्बोनेट बफरचा पीएच वर चढतो आणि अल्कलीपणानेच वाहिनी आवळते. सिलिकॉनच्या लांब नळीतूनही तो गळतो, टेफ्लॉन किंवा टायगॉन वापरा. पीएच बाटलीत नव्हे, बाथमध्ये मोजा.

आयसीयू_नाही_स्लाइस: टोन (वाहिनीचा मुळातला ताण) आहे का? स्लाइसमधल्या वाहिनीत रक्तदाब नसतो. आधीच ढिला नाडा आणखी काय सुटणार? यू-४६६१९ (वाहिनी आवळणारं रसायन) साधारण १०० नॅनोमोलर द्या, १०-१५ मिनिटं थांबा. आवळलीच नाही तर ती वाहिनी सोडा. पृष्ठभागालगतच्या कापताना दुखावलेल्या असतात, ५० मायक्रॉनच्या आसपास खोल बघा.

मग पोटॅशियम १० मिलिमोलर (सोडियम तेवढंच कमी करून). स्नायूपेशीतले किर (पोटॅशियमचे) चॅनेल शाबूत असतील तर वाहिनी सैल होते. इथेच अडलं तर दोष स्नायूत, ॲस्ट्रोसाइटला नावं ठेवू नका. २० च्या वर मात्र जाऊ नका, उलट आवळेल.

पाषाण_पॅचक्लॅम्प: +१. आणि उंदराचं वय किती? एमग्लूआर५ (टी-एसीपीडी ज्यावर चालतं तो ग्लुटामेट रिसेप्टर) लहान पिल्लांच्या ॲस्ट्रोसाइटमध्ये भरपूर, प्रौढांत जवळपास नाहीच. टी-एसीपीडी न्यूरॉनवरही चालतं, तेव्हा टीटीएक्स (न्यूरॉनचे विद्युत संदेश थांबवणारं विष) १ मायक्रोमोलर सोबत हवंच.

कोथरूडची_कापणी: १५ दिवसांची पिल्लं, टीटीएक्स आहे. यू-४६६१९ नव्हतं! सैल झाली की इंडोमेथासिन (प्रोस्टाग्लँडिन बनणं रोखणारं औषध) देऊन बघू ना?

आयसीयू_नाही_स्लाइस: हो, आणि वेगळ्या स्लाइसवर एल-नेम (नायट्रिक ऑक्साइड बनणं रोखणारं) १०० मायक्रोमोलर. दोन्ही एकदम दिलीत तर कोणामुळे थांबलं ते कळायचं नाही. गॅस बदलल्यावर अर्धा तास बाथ स्थिरावू द्या.

पाषाण_पॅचक्लॅम्प: पेपर लिहिताना मात्र जपून. आयपी३आर२ (पेशीतल्या साठ्यातून कॅल्शियम सोडणारा रिसेप्टर) नसलेल्या उंदरात ॲस्ट्रोसाइटचं कॅल्शियम दबतं, तरी जिवंत मेंदूत रक्तप्रवाह वाढतोच, हे २०१३ पासून माहीत आहे. रिव्ह्यूअर तिथेच बोट ठेवेल.