व्हर्मांटमधील लाकडी घरात शेगडी बसवताना

प्रश्न : आम्ही अमेरिकेतील व्हर्मांट राज्यात जुने लाकडी घर घेतले असून, हिवाळ्यात वीज गेली तरी ऊब राहावी म्हणून बैठकीच्या खोलीत लाकूड जाळणारी बिडाची शेगडी बसवणार आहोत. विटांचे जुने धुराडे वापरता येईल का?

प्रतिसाद १ : आधी शेगडीच्या मागची धातूची पट्टी वाचावी, कारण भिंतीपासूनचे अंतर त्या मॉडेलच्या चाचणीवरून ठरते; अशी पट्टी नसलेल्या जुन्या शेगडीभोवती ३६ इंच मोकळे ठेवावे लागतात. लाकडी भिंतीवर नुसत्या टाइल्स चिकटवल्याने हे अंतर कमी होत नाही, कारण उष्णता टाइलमधून आतल्या लाकडापर्यंत पोहोचतेच.

प्रतिसाद २ : धुराडे कॅमेऱ्याने तपासून घ्यावे आणि आत स्टेनलेस स्टीलची नळी घालावी. त्याचे तोंड छपरापासून किमान ३ फूट आणि १० फुटांच्या आतील छपराच्या कोणत्याही भागापेक्षा २ फूट उंच हवे. पहिल्या हिवाळ्यात आम्ही ओले लाकूड जाळले आणि वसंतात नळी साफ करताना आतून काचेसारखा चकाकणारा काळा थर निघाला. तो पेटला असता तर घर वाचले नसते. ओंडका फोडून आतल्या ताज्या बाजूवर ओलावा मोजावा, तो २० टक्क्यांच्या आत असावा.

प्रश्नकर्ता : मनापासून आभार. धुराड्याची तपासणी होईपर्यंत शेगडीची खरेदी थांबवतो.

प्रतिसाद १ : योग्य निर्णय. नगरपालिकेची परवानगी आणि विमा कंपनीची संमतीही आधीच घ्या, आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावा.