विषय: फाल्कनचं पाणी, जाळी आणि आपली मार्चची सहल

प्रेषक: अण्णा, सॅन अँटोनियो
रविवार, १६ फेब्रुवारी २०२५

मंडळी, सप्रेम नमस्कार.

मार्चच्या मासेमारी सहलीला नावं यायला लागली आहेत. एवढी पोरंबाळं घेऊन जायचं तर जागा आधी बघून यावी, म्हणून काल मी आणि माझा धाकटा पहाटे तीनला निघून टेक्सास-मेक्सिको सरहद्दीवरच्या फाल्कन तळ्यावर जाऊन आलो. तिथं जे पाहिलं ते समितीपुरतं ठेवावंसं वाटेना, म्हणून सगळ्यांनाच लिहितोय.

पाणी फार मागे सरकलंय. मागच्या खेपेला जिथं आपण सतरंज्या टाकून जेवलो होतो, तिथून पाण्याची कड गाठायला भेगाळलेल्या चिखलावरून बरंच चालावं लागलं. मधे मेस्किट आणि विसाचेची काटेरी झुडपं माणसाच्या उंचीची झाली आहेत. मी उजनीच्या काठचा माणूस. पाणी उतरलं की पळसदेवाचं देऊळ वर यायचं आणि आमच्याकडची म्हातारी माणसं ते बघायला जाऊन गप्प परत यायची. इथंही पलीकडच्या, मेक्सिकोच्या काठाचं जुनं गेरेरो गाव १९५३ साली धरणाच्या पाण्यात गेलं. पाणी आटलं की त्याचं वाळूच्या दगडाचं चर्च उघडं पडतं. त्यामुळे हे तळं मला कधी परकं वाटलं नाही.

आता जाळ्याचं सांगतो. एका खाडीच्या तोंडाशी दोन लिटरच्या रिकाम्या बाटल्या ओळीनं तरंगत होत्या. धाकट्याला वाटलं कचरा आहे, तो उचलायला गेला. बाटलीखाली नायलॉनचं जाळं होतं. इतकं बारीक की पाण्यात दिसतच नाही, बोटाला लागलं की कळतं. मी त्याला मागे ओढलं आणि गेम वॉर्डनना, म्हणजे शिकार-मासेमारीचे नियम राखणाऱ्या सरकारी अधिकाऱ्यांना, फोन लावला. टेक्सासच्या पाण्यात असं जाळं लावणं गुन्हा आहे, पण आपण स्वतः ते काढायच्या फंदात पडू नये. ते बोट घेऊन आले आणि जाळं ओढायला लागले. आम्ही काठावर उभे राहून बघत होतो.

तिलापिया आणि कार्प पुष्कळ होते. एक कासव होतं, बुडून मेलेलं. आणि ज्यांच्यासाठी लोक गळ घेऊन इथं येतात ते बास मासे होते. त्यातली एक मादी त्यांनी काठाशी आणून मोजली, तेव्हा मी जवळून पाहिली. जाळ्याचा दोर कल्ल्याच्या झाकणाखाली शिरून आत रुतला होता, कल्ले लालऐवजी पांढरट पडले होते. पोट गच्च फुगलेलं. धाकट्यानं विचारलं, "बाबा, हिनं काय खाल्लंय?" मी सांगितलं, "खाल्लं नाही रे, गाभोळी आहे." तो घरी येईपर्यंत फारसं बोलला नाही.

नव्या मंडळींसाठी सांगतो, हे तळं साधंसुधं नाही. २००८ साली इथं झालेल्या मोठ्या स्पर्धेत पॉल इलायस यांनी चार दिवसांत वीस बास तोलले, १३२ पौंड ८ औंस. म्हणजे एकेक मासा सरासरी तीन किलोचा. २०१२ मध्ये बासमास्टर मासिकाने देशातल्या सर्वोत्तम शंभर तळ्यांची पहिली यादी काढली, त्यात फाल्कन पहिलं होतं. आणि हे सगळं कशानंतर? नव्वदच्या दशकातल्या लांबलेल्या दुष्काळानंतर. तळं आटलं, उघड्या जमिनीवर झुडपं माजली, मग पाणी चढलं आणि ती झुडपं बुडाली. पिल्लांना लपायला जागा मिळाली, खायला मिळालं, आणि दोन-चार वर्षांत मासाच मासा झाला.

म्हणून मला दुष्काळाची तेवढी भीती वाटत नाही. पाऊस एक ना एक दिवस येतोच. पण तो येईल तेव्हा तळ्यात बियाणं शिल्लक हवं. आमच्या आजीनं बहात्तरच्या दुष्काळात उपास काढले, पण बियाण्याच्या कणगीला हात लावू दिला नाही. काल त्या जाळ्यात मी कणगी फुटलेली पाहिली.

सहल रद्द करू नये असं मला वाटतं. पण एकही बास घरी आणायचा नाही, आणि जाळं दिसलं की कळवायचं, एवढं ठरवूनच जाऊ या.

अण्णा

---

प्रेषक: मेघना, कॉर्पस क्रिस्टी
रविवार, १६ फेब्रुवारी, रात्री

अण्णा, नमस्कार.

तुमची मेल दोनदा वाचली. त्या मादीचं वाचून मलाही कसंतरीच झालं. तरी दोन गोष्टी मनात आल्या, त्या बोलते. राग मानू नका.

मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदराशेजारी वाढले. माझे मामा आयुष्यभर होडीवर होते. जाळं टाकणारा माणूस रात्री थंडीत भिजतो तो पोटासाठी. फाल्कनच्या पलीकडच्या काठाला मासेमारी हाच ज्यांचा धंदा आहे, त्यांना तिथं जाळं लावायला परवाना मिळतो. पाणी आटलं, मासा कमी झाला, मग तो माणूस रेषा ओलांडतो. ते चूकच. पण पोटासाठी जाळं टाकणारा चोर आणि हौसेसाठी हजारो डॉलरची बोट घेऊन येणारा तळ्याचा राखणदार, अशी वाटणी मला पटत नाही.

दुसरी गोष्ट आपलीच आहे. आमच्याकडे १ जून ते ३१ जुलै समुद्र बंद असतो, कारण तो माशाच्या विणीचा काळ. टेक्सासमध्ये बासला असा बंदीचा काळच नाही. तुम्हीच म्हणता मादी गाभोळीनं भरलेली होती. मग मार्चमध्ये तीस-चाळीस माणसांनी जाऊन तिलाच गळाला लावायचं, फोटो काढायचा आणि सोडून द्यायची, यानं बियाणं राखलं जातं का? मला खरंच उत्तर हवंय.

मेघना

---

प्रेषक: सुजित, हार्लिंजन
सोमवार, १७ फेब्रुवारी

नमस्कार मंडळी,

मी पाण्याच्या खात्याशी संबंधित काम करतो, म्हणून अण्णांच्या एका वाक्याबद्दल थोडं. पाऊस एक दिवस येईल हे खरं, पण फाल्कन भरणं नुसतं पावसावर नाही.

उजनीवाल्यांना पटकन कळेल असं सांगतो. उजनीचा एकूण साठा ११७ टीएमसी. फाल्कन पूर्ण भरलं तर साधारण ११५. म्हणजे दोघं जवळजवळ जुळी. पण उजनीला मृतसाठाच निम्म्याहून जास्त आहे, म्हणून पेपरात 'उजनी उणे पन्नास' येतं तेव्हाही तळाशी पाणी असतं. फाल्कनला ती उशी नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात ते जेमतेम दहा टक्क्यांवर आलं होतं.

इथं वरून येणारं पाणी मुख्यतः मेक्सिकोच्या चिवावा राज्यातल्या कोंचोस नदीचं. १९४४ च्या करारानुसार मेक्सिकोने दर पाच वर्षांत साडेसतरा लाख एकर-फूट पाणी रिओ ग्रांदे या सरहद्दीवरच्या नदीत अमेरिकेला द्यायचं. आपल्या हिशोबात सुमारे ७६ टीएमसी. चालू पाच वर्षं ऑक्टोबर २०२५ मध्ये संपतात आणि आतापर्यंत त्यातलं निम्मंही आलेलं नाही. तिकडचे शेतकरीही दुष्काळातच आहेत, २०२० मध्ये पाणी सोडू नये म्हणून त्यांनी ला बोकिया धरणच ताब्यात घेतलं होतं. फाल्कनच्या साठवण क्षमतेत अमेरिकेचा वाटा ५८.६ टक्के, बाकी मेक्सिकोचा. अमेरिकेच्या वाट्याच्या पाण्याचा थेंब न् थेंब खालच्या शेतांच्या आणि गावांच्या नावावर लिहिलेला आहे. माशासाठी राखून ठेवलेलं पाणी असं काही नसतं.

हे किती खोल गेलंय बघा. मागच्या वर्षी फेब्रुवारीत सांता रोझाचा साखर कारखाना बंद झाला. टेक्सासमधला शेवटचा. ऊस होता, माणसं होती, पाणी नव्हतं. मी कोल्हापूरचा आहे, कारखान्याची चिमणी थंड पडली म्हणजे गावाचं काय होतं हे मला कुणी सांगायला नको. त्या आठवड्यात मी रोज त्याच रस्त्यानं जात होतो.

आणखी एक, अण्णांच्या जाळ्याशी थेट जोडलेलं. फाल्कनमधली सरहद्द म्हणजे नदीचं जुनं पात्र. पाणी आटतं तसं तळं त्याच पात्राकडे गोळा होतं, मासाही तिकडेच जातो. एरवी पसरलेला मासा ऐन सरहद्दीवर अरुंद पाण्यात दाटतो, आणि जाळी तिथंच लागतात. दुष्काळ आणि चोरटी मासेमारी ही दोन संकटं वेगळी धरू नका. पहिलं दुसऱ्याचं काम सोपं करतं.

सहलीत बोट नेणाऱ्यांनी मध्यावरचे काँक्रीटचे खांब ओलांडायचे नाहीत, हे मात्र लक्षात ठेवा.

सुजित

---

प्रेषक: अण्णा
सोमवार, १७ फेब्रुवारी, रात्री

मेघनाताई, राग कसला? नीट विचारलंत.

आधी पोटाचं. उजनीच्या भोई लोकांत मी लहानाचा मोठा झालो. थर्माकोलच्या तराफ्यावर बसून रात्री जाळी लावणारे माझे वर्गमित्र होते. मी जाळ्याच्या विरुद्ध नाही. पण उजनीत वडाप नावाचं जाळं आलं, बारीक आसाचं, बोटाएवढी पिल्लंही खरवडून नेणारं, तेव्हा त्याच्या विरुद्ध पहिल्यांदा कोण ओरडलं? शहरातून गळ घेऊन येणारे हौशी नव्हेत. भोईच ओरडले. तहसीलदाराच्या दारात तेच बसले, कारण पुढच्या वर्षी रोहू-कटला मिळाला नाही तर उपाशी त्यांनाच राहायचं होतं. फाल्कनचंही तसंच असणार. बाटल्या बांधून रात्रीत जाळं टाकणारा आणि चार दिवस त्याच्याकडे न फिरकणारा माणूस पलीकडच्या परवानाधारकाचाही मासा मारतो. त्या कासवाला चार दिवस झाले होते, वासावरून कळत होतं. तो मासा ना त्याच्या पोटात गेला, ना आपल्या.

चोर हा शब्द मी वापरला नव्हता, पुढेही वापरणार नाही.

आता तुमचा दुसरा प्रश्न. त्याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. दिवसभर तो डोक्यात घोळत होता. आमच्याकडे मरळ असते. तिची पिल्लं लालसर रंगाचा झुबका करून पाण्याच्या वर-खाली करतात आणि मरळ खालून राखण करते. त्या दिवसांत माझे वडील मरळीला गळ लावायचे नाहीत. म्हणायचे, राखणदार उचलला की झुबका तासाभरात संपतो. बासचंही तेच आहे. नर उथळ पाण्यात शेपटीनं खड्डा करतो, मादी अंडी टाकून जाते आणि नर अन्नपाणी सोडून राखत बसतो. त्याला गळाला लावणं सगळ्यात सोपं, कारण तो भुकेनं नाही, रागानं झडप घालतो. त्याला बोटीत घेऊन फोटो काढून सोडला, तरी तेवढ्या वेळात बारके मासे अंडी फस्त करतात.

हे मला ठाऊक होतं आणि तरी मी मार्च ठरवला, कारण मार्चमध्ये हमखास मासा लागतो. चुकलं माझं.

म्हणून सुधारणा सुचवतो. मार्चमध्ये जायचं, पण उथळ पाण्यातल्या घरट्यांच्या वाटेला जायचं नाही. पोरांनी काठावरून कॅटफिश धरावेत. फाल्कन स्टेट पार्कच्या काठावरून गळ टाकायला परवाना लागत नाही, पोरांना मजाही तीच येते. ज्यांना बासच हवा त्यांनी ऑक्टोबरात माझ्याबरोबर यावं, दोन गाड्या करू. तेव्हाही उलटा काटा नसलेला गळ आणि मासा ओल्या हातानं धरायचा, कोरड्या फडक्यानं नाही.

आणि जाळं दिसलं तर ऑपरेशन गेम थीफ, म्हणजे चोरट्या शिकारीची आणि मासेमारीची खबर द्यायची सोय, तिचा नंबर १-८००-७९२-४२६३. नाव सांगावं लागत नाही. जागा नीट सांगा, शक्य असेल तर फोनवरचं लोकेशन द्या, आणि जाळ्याला हात लावू नका.

अण्णा

---

प्रेषक: सुजित
मंगळवार, १८ फेब्रुवारी

सहमत. सहलीच्या आदल्या आठवड्यात बोट उतरवायचा कोणता रॅम्प पाण्यापर्यंत पोचतोय ते मी जाऊन बघतो आणि इथं लिहितो. तळ्याकाठच्या झपाटा गावी मुक्काम करणाऱ्यांनी तिथल्याच मोटेलात खोल्या घ्या आणि आमिषंही तिथल्याच दुकानातून घ्या. ते गाव बासवरच चाललं होतं, आता निम्मी पार्किंगं रिकामी असतात.

---

प्रेषक: मेघना
मंगळवार, १८ फेब्रुवारी, रात्री

अण्णा,

तुमची कालची मेल मी माझ्या मुलीला मोठ्यानं वाचून दाखवली. ती नऊ वर्षांची आहे. मरळीच्या झुबक्यापाशी तिनं मला थांबवलं आणि विचारलं, बासचा बाबा किती दिवस न जेवता राखतो, आणि मग तो आधी काय खातो?

मला सांगता आलं नाही. तुम्ही तळ्यावर सांगा तिला. आमची तीन माणसं धरा, त्यातलं एक शाकाहारी. दशम्या आणि लसणीची चटणी मी आणते, चाळीस माणसांना पुरेल एवढी.

मेघना