रोज कमरेला बाळगायला रिव्हॉल्व्हर बरं की पिस्तूल? की काहीच नको?

निपाणी_वखारवाला
मंडळी, तंबाखूच्या सीझनला शेतकऱ्याला पैसे रोखच द्यावे लागतात, चेक बघितला की लोकं तोंड वाकडं करतात, त्यामुळं तिन्हीसांजेला बॅग घेऊन चिक्कोडी रोडनं एकट्यानं यायचं म्हटलं आणि पाठीमागं एखादी लाईट बराच वेळ राहिली की पोटात गोळा येतोय. लायसन्ससाठी अर्ज टाकायचं पक्कं केलंय. रोज शर्टाच्या आत कमरेला राहिलं पायजे आणि मोटरसायकलवर बसल्यावर टोचायला नको. मन प्रबल रिव्हॉल्व्हरकडं झुकालंय, कानपूरचंच हाय, 2023 ला आलं, चक्री, म्हणजे गोळ्या भरायचा फिरता भाग, बाजूला उघडते, निर्भीक रिव्हॉल्व्हरसारखी नळी खाली पाडावी लागत नाही. ज्यांनी वापरलंय त्यांनी सांगा.

येळ्ळूरचा_माजी_फौजी
रिव्हॉल्व्हरच घ्या. पहिलं म्हणजे 9 एमएम डोक्यातनं काढा, ते प्रोहिबिटेड बोअर, म्हणजे बंदी असलेलं माप, साध्या माणसाला मिळत नाही. हातात धरायच्या हत्यारात आपल्याला बहुतेक करून .32 नाहीतर .22 मिळतं, हे गोळीचं माप. आता .32 मध्ये एखादी गोळी उडाली नाही तर रिव्हॉल्व्हरचा ट्रिगर परत दाबायचा, चक्री फिरून पुढची गोळी समोर येते, संपलं. पिस्तुलात तीच गोळी अडकली तर दुसऱ्या हातानं स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागं ओढून ती बाहेर काढावी लागते, आणि तुमचा दुसरा हात बॅगेला असणार की ओ! फौजेत हे हाताला बसतं कारण सराव करून घेतात. गावात तुम्ही सराव कुठं करणार, गोळ्यांचा कोटा लायसन्सवर लिहिलेला असतोय आणि एकेक गोळी महाग.

शहापूर_सराफ
फौजीअण्णांचा मान ठेवून सांगालोय, खरं रोज बाळगणाऱ्याची अडचण वेगळी असते. रिव्हॉल्व्हरची चक्री बरगडीखाली फुगून दिसते, उन्हाळ्यात पातळ शर्ट असला की समोरच्या टपरीवाल्यालासुद्धा कळतंय. पिस्तूल चपटं, अंगाला चिकटून बसतं. लपत नसलं तर ते हत्यार शेवटी घरच्या कपाटात जातं, मी आमच्या पेठेत असली कपाटातली बरीच बघितलीत. आपल्याकडंच बनणारं अशनी पिस्तूल बघा. जुनं विलायती बघू नका, 1980 च्या दशकात आयात बंद झाल्यापासून त्या मालाला वाट्टेल तो भाव सांगतात आणि पार्ट मिळत नाहीत.
आणि एक, दुकानात नुसतं .32 म्हणून गोळ्या मागू नका. रिव्हॉल्व्हरची .32 लाँग वेगळी आणि पिस्तुलाची .32 एसीपी, म्हणजे 7.65 एमएम, ती वेगळी. एकीची दुसरीत चालत नाही.

निपाणी_वखारवाला
वजनाचं काय? निर्भीक अर्धा किलोचं, प्रबल पाऊण किलोच्या आसपास. आणि ते निडर .22 चं तर 250 ग्रॅमच म्हणतात, ते कसं हाय?

येळ्ळूरचा_माजी_फौजी
हलकं म्हणजे बाळगायला सुख आणि मारताना धक्का जास्त, दोन्ही एकदम मिळत नाही. .22 ला धक्का नसतो, खरं त्या गोळीचा बार बुडाच्या कडेला भरलेला असतोय, न उडण्याचं प्रमाण .32 पेक्षा जास्त. जीव ज्याच्यावर सोडायचा ते असलं नको.
होल्स्टर, म्हणजे कमरेचं चामडी म्यान, नीट घ्या, ट्रिगर पूर्ण झाकला गेला पायजे. पँटच्या खिशात किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर टाकणारी माणसं हायत, त्यांना बघून माझं अंग कापतंय. घरी आलं की चामड्यातनं काढून पुसून ठेवायचं. पावसाळ्यात चामडं घाम आणि ओल धरतं, खानापूर-जांबोटीकडं तर आठवड्यात गंजाचे ठिपके येतात, पहिल्यांदा चक्रीच्या भोकांच्या कडेला.

कंग्राळीची_वहिनी
सगळे कुठलं घ्यायचं तेच सांगूलालेत, घ्यावं का हे कोण विचारणार? दादा, तुम्ही दोन्ही हातांनी हँडल धरून गाडी चालवणार, रेनकोट अंगात, हत्यार शर्टाच्या आत, आणि बाजूनं येणारा पोरगा लाथ मारून तुम्हाला पाडणार. त्या वेळात चेन उघडून, शर्ट वर करून, नेम धरणार? पडलेल्या माणसाच्या कमरेचं तो पहिल्यांदा घेऊन जाईल, मग बॅग. आणि घरात पोरं असतात. बापाची पँट खुंटीवरनं काढून खेळणारी पोरं मी बघितलीत. लॉकर घेणार का? रोज रात्री, दमून आल्यावरसुद्धा, आठवणीनं कुलूप लावणार का? हे आधी सांगा, मग चक्री बाजूला उघडते का खाली ते बघू.

खानापूरचा_मास्तर
वहिनींशी सहमत. 16 फेब्रुवारी 2015 ला कोल्हापुरात कॉम्रेड पानसरे सकाळी बायकोबरोबर फिरून येताना मोटरसायकलवाल्यांनी गोळ्या घातल्या, त्याच वर्षी 30 ऑगस्टला धारवाडात कन्नड विद्वान कलबुर्गी सरांना घराच्या दारात. आपल्या भागातली दोन मोठी माणसं. त्यांच्या खिशात पिस्तूल असतं तरी काय झालं असतं? मारणारा वेळ आणि जागा ठरवून येतो.

शहापूर_सराफ
मास्तर, ते ठरवून केलेले खून. इथं लुटारू बॅगेसाठी येतो, त्याला मरायचं नसतं, समोरच्याकडं हत्यार हाय एवढं कळलं तरी तो दुसरं गिऱ्हाईक बघतोय. दोन्ही एका तराजूत घालू नका.

खानापूरचा_मास्तर
तुम्हीच वर म्हणालात, लपलं पायजे. लपलं तर त्याला कळणार कसं?

कॅम्पातला_वकील
मास्तरांचा प्रश्न बरोबर हाय, त्यावर सराफांनी दाखवत फिरायचं ठरवू नये. 2016 च्या आर्म्स रूल्सप्रमाणं सार्वजनिक जागी हत्यार होल्स्टरमध्ये आणि पूर्ण झाकलेलं पायजे, हातात घेऊन मिरवलं तर लायसन्स जातं.
निपाणीकर, तुमच्यासाठी महत्त्वाचं पुढं हाय. लायसन्सवर ते कुठल्या हद्दीत चालतं ते लिहिलेलं असतं. कर्नाटकापुरतं असलं आणि तुम्ही कोगनोळी नाका ओलांडून कागलला गेला, तर तिथं ते बेकायदा हत्यार. तुमची निम्मी उठबस पलीकडं असणार, म्हणून अर्जातच हद्द वाढवून मागा आणि कारण नीट लिहा, व्यापाराची कागदं जोडा. सुरक्षित हाताळणीच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आणि घरी कुलपात ठेवीन ही हमी अर्जाबरोबरच लागते, वहिनींचा लॉकर नियमातच हाय. 2019 च्या दुरुस्तीनंतर लायसन्स पाच वर्षांचं झालंय. इलेक्शनला हत्यार जमा करायची ऑर्डर निघते, बेळगावात विधानसभेचं अधिवेशन असताना नाहीतर 1 नोव्हेंबरला, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाला, बंदीहुकूम असला तर तो आधी वाचायचा, मगच कमरेला लावायचं.
आणि चोर बॅग घेऊन पळत सुटला, तुमच्या जिवाला धोका उरला नाही, तर पाठीत गोळी घालता येत नाही. भारतीय न्याय संहितेत कलम 34 ते 44 स्वसंरक्षणाची हायत, ती एकदा वाचून काढा. पैसे गेले तर विमा असतो, पाठीत गोळी घातली तर केस वर्षानुवर्षं चालते.

निपाणी_वखारवाला
सगळ्यांचं वाचलं. अर्ज मी टाकणारच, माझ्या जागी तुम्ही असता तरी टाकला असता. रिव्हॉल्व्हरच घेणार, फौजीअण्णांचं पटलं, दुसरा हात बॅगेलाच असतोय. वहिनी, लॉकर हत्याराच्या आधी घरात येणार, किल्ली माझ्या गळ्यात राहील.

कंग्राळीची_वहिनी
लॉकर आणा, चांगलंच हाय. खरं लायसन्स हातात पडेपर्यंत कितीतरी महिने जातील, तोवर अंधार पडायच्या आत निघा, बरोबर माणूस घ्या, आणि मोठ्या शेतकऱ्यांना तरी आरटीजीएस घ्या म्हणून सांगून बघा. ते जमलं तर मी परत विचारणार, हत्यार कशाला.

निपाणी_वखारवाला
मोठ्यांना सांगून बघतो. बारके ऐकायचे नाहीत वहिनी, त्यांचं खातं कर्जात अडकलंय, पैसा जमा झाला की बँक कापून घेते.